लिंबं मोजणारे काका

त्यांच्या लॅबच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या होत्या, आणि मी कितव्या पायरीवर थांबते यावरून ते माझं हिमोग्लोबिन सांगायचे. सुई टोचायच्या आधी! मी कठडा धरून वर पोचेपर्यंत त्यांनी दाराजवळच्या दगडी पाटीवर खडूने आकडा लिहून पाटी भिंतीकडे उलटी करून ठेवलेली असायची. मग रक्त काढायचं, तपासायचं आणि खरा आकडा आला की पाटी सुलटी करायची. अंदाज जमला असेल तर ते नुसती मान हलवायचे. चुकला असेल तर मात्र त्यांना एका जागी उभं राहवायचं नाही.

"चुकलो! बाई, बसा बसा, चहा सांगतो. आता सांगा, मला काय दिसलं न्हाई? तुमी बाराव्या पायरीवर कामून थांबलात?"

"काका, सँडल नवीन आहे. चावते."

"सँडल!" त्यांनी कपाळावर हात मारला. "बघा, सँडल मी धरलीच न्हाई की!" आणि हे त्यांनी वहीत लिहूनही ठेवलं. त्या दिवसापासून कुणीही जिना चढायला लागलं की ते आधी पायांकडे बघायचे.

परभणीत स्टेशन रोडच्या मागच्या बोळात, सायकलच्या दुकानाच्या वर त्यांची ही एका खोलीची लॅब. साठी ओलांडलेली, अंगाने काटकुळे, आवाज मात्र शेतातून हाळी मारल्यासारखा. पांढरा कोट स्कूटरवरसुद्धा अंगात. बाजारात भाजी घेतानाही तोच. लोक त्यांना डॉक्टर समजून रस्त्यात जीभ दाखवायचे, आणि ते "मी डॉक्टर न्हाई, मी मोजणारा हाय" असं सांगून ती जीभ नीट बघून घ्यायचे. नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण काका याखेरीज दुसरं काही म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही.

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. चाळिशीत मला रक्ताचा कॅन्सर निघाला. वर्षभर केमोथेरपी झाली, आणि मग संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात माझ्या धाकट्या भावाच्या स्टेम सेल माझ्या अंगात सोडल्या. जुनं रक्त औषधांनी पार पुसून टाकायचं आणि भावाच्या पेशींनी नवं रक्त उभं करायचं, असा तो मामला. तीन महिने तिथे काढून मी घरी आले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठवड्यातून दोनदा परभणीतच रक्त तपासा आणि आकडे आम्हाला कळवा. म्हणून मी त्या जिन्यावर.

तिथे मला लिंबं कळली. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये लिम्फोसाइट नावाची एक जात असते. विषाणूशी लढायचं काम मुख्यतः तिचं. काकांनी तिचं नाव लिंबं ठेवलं होतं. यंत्र आकडा द्यायचं, पण काकांचा यंत्रावर अर्धाच भरवसा. ते काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी पुन्हा मोजायचे. डाव्या हातात मोजायचं खटक्याचं यंत्र, टिक, टिक, टिक.

"या, बघा," एकदा त्यांनी मला दाखवलं. जांभळ्या रंगाचे गोल गोल ठिपके. "कशी टप्पोरी हायती! पन बाई, लय कमी. माणसाला हजाराच्या वर पाहिजेत. तुमची दोनशेबी न्हाईत."

मी घाबरले. ते मात्र मोहोर लागलेल्या आंब्याखाली उभे असल्यासारखे दिसत होते. "वाढतेल! भावाची हायती. नव्या घरात आल्यात, रुळायला वेळ लागतो."

काकांना अंदाजाचा नादच होता. पूर्वी ते कृषी विद्यापीठात प्रयोगशाळेत कामाला होते. ज्वारीवर, कापसावर कोणता रोग कोणत्या वावरात किती पडेल, ते आधीच ओळखायचं काम तिथे चालायचं. काका बुरशीचे कण मोजून द्यायचे. "रोग पडल्यावर सगळेच सांगत्यात हो, रोग पडला म्हणून," ते म्हणायचे. "शेजारी शेजारी दोन वावरं. एकच हवा, एकच पाऊस. एक करपून जातं आन दुसऱ्याला नुसते ठिपके. कामून? ते आधी सांगा, मग मी तुमाला मानतो!"

संध्याकाळी ते स्टेशनवर जाऊन बसायचे. गाडी किती उशिरा येणार याचा अंदाज बाकावरच्या अनोळखी प्रवाशांकडून काढून घ्यायचे आणि स्वतःचाही सांगायचे. एकदा एक म्हातारी पिंगळीला जायला पॅसेंजरची वाट बघत होती. तिने काकांच्या तोंडावर सांगितलं, "पाऊन तासानं यील." काका म्हणाले, वीस मिनिटं. गाडी पाऊण तासाने आली. काका तिच्यासोबत गाडीत चढले आणि पिंगळीपर्यंत तिला विचारत गेले, की तुमाला कसं कळलं. ती म्हणे एवढंच म्हणाली, "मला घाई होती ना." हे सांगताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुललेला असायचा.

प्रत्यारोपणाला सहा महिने झाले असतील. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली, गावभर खोकला आणि सर्दी. भावाच्या पेशी माझ्या कातडीशी भांडायला लागल्या होत्या. म्हणजे अंगभर पुरळ. ते भांडण दाबायला स्टेरॉइड चालू केलं होतं. मी घरातच कोंडून घेतलेली, फक्त रक्तासाठी बाहेर पडायची. एके दिवशी काकांनी रक्त काढल्यावर वही उघडली.

"बाई, तुमचा तक्ता करायचा हाय. प्रत्यारोपन झालेले चार जन येत्यात माझ्याकडं. चौघांचा करायलाय."

"कसला तक्ता?"

"फ्लू झाला तर कोन किती बिमार पडंल, त्याचा."

मला रागच आला. "काका, मला काही झालेलं नाही. अभद्र कशाला बोलता?"

"झाल्यावर मग घाईत कोन इचार करतंय?" ते अगदी मनापासून म्हणाले. "एकच फ्लू असतो बाई. एकाच्या नुसता नाकात राहतो, दुसऱ्याच्या छातीत उतरतो. लोकं ताप बघून ठरवत्यात. ताप बघायचा न्हाई. वावर बघायचं!" मग त्यांनी बोटांवर मोजलं. लिंबं किती, दुसऱ्या पांढऱ्या पेशी किती, प्रत्यारोपणाला किती महिने झाले, स्टेरॉइड चालू आहे का, पेशींचं भांडण आहे का, वय किती. हे सगळं त्यांनी डॉक्टर लोकांचे शोधनिबंध मोबाईलवर वाचून काढलं होतं. इंग्रजी अडलं की शेजारच्या शिकवणीतल्या सरांना गाठायचे. संभाजीनगरच्या माझ्या डॉक्टरांनाही त्यांनी परस्पर फोन लावला होता. डॉक्टर पहिल्यांदा वैतागले. "तुम्ही लॅबवाले आहात ना?" काका म्हणाले, "हो साहेब. म्हनूनच आकडे माझ्याजवळ हायती." तिसऱ्या फोनला डॉक्टरांनी त्यांचा नंबर नावासकट जतन केला, हे मला नंतर कळलं.

माझ्या नावापुढे वहीत काय लिहिलं, ते त्यांनी दाखवलं नाही. मीही विचारलं नाही.

पंधरा दिवस गेले असतील. नवरा कचेरीतून सर्दी घेऊन आला, वेगळ्या खोलीत झोपला, तरी दोन दिवसांनी माझं नाक गळायला लागलं. ताप नाही, अंगदुखी नाही. रक्त द्यायचा वार होताच, म्हणून सकाळी लॅबमध्ये गेले. काकांनी माझ्या हातातला रुमाल बघितला आणि खडू खाली ठेवला. पाटीवर काही लिहिलं नाही. नाकात काडी घालून नमुना घेतला, पट्टीवर थेंब टाकले आणि घड्याळ लावून समोर बसले. पंधरा मिनिटांत पट्टीवर दोन रेघा उमटल्या. फ्लू.

तेवढ्यात जिन्यावर गलका झाला. चारठाण्याचा एक शेतकरी, पस्तिशीचा, अंगाने दांडगा, त्याला त्याचा थोरला भाऊ आणि बायको दोन्ही बाजूंनी धरून वर आणत होते. काकांच्या चौघांपैकीच तो एक. त्याचं प्रत्यारोपण होऊन तीन वर्षं झालेली. घोंगडी गुंडाळूनही तो थडथड उडत होता. डोळे लालबुंद, ताप एकशे तीनच्या वर. त्याच्याही पट्टीवर दोन रेघा आल्या.

थोरल्या भावाने येतानाच ऑक्सिजनची अँब्युलन्स सांगून ठेवली होती. ती खाली बोळात येऊन उभी राहिली. त्या दिवशी गावभर आजारी माणसं, त्यामुळे दुसरी गाडी संध्याकाळशिवाय मिळणार नव्हती.

काका उठले. "दादा, ही गाडी बाईंना द्या."

थोरला भाऊ दारात आडवा झाला. "काय बोलायलाव काका? माझा भाऊ तापानं फणफणायलाय, आन ह्या बाईंचं नुसतं नाक गळायलंय! डोळ्यानं दिसंना का तुमाला?"

"नको काका," मीही म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "त्यांना जाऊ द्या. मला काही होत नाहीये. साधी सर्दी आहे."

"सर्दी साधी असंल!" काका माझ्यावर ओरडले. "तुमी साध्या न्हाई!"

काकांनी शेजारच्या गल्लीतल्या एमडी डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्यांनी दोघांची छाती ऐकली, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला. दोघांचाही चांगला होता. मग काकांनी संभाजीनगरला फोन लावला, फोनचा आवाज मोठा केला आणि वही उघडून वाचायला लागले. शेतकऱ्याचं आधी. तीन वर्षं झाली, स्टेरॉइड नाही, लिंबं दोन हजार. "लिंबं म्हंजे लिम्फोसाइट, साहेब." मग माझं. साडेसहा महिने, स्टेरॉइड चालू, अंगावर पुरळ, लिम्फोसाइट एकशे साठ.

"ताप कुणाला आहे?" पलीकडून डॉक्टरांनी विचारलं.

"ह्या चारठाण्याच्या भाऊला. त्याची फौज जागी हाय, ती आग लावायलीय. बाईंकडं फौजच न्हाई साहेब, मग ताप कोन आणनार?"

डॉक्टर म्हणाले, "फ्लूच्या औषधाचा पहिला डोस दोघांनाही आत्ता, माझ्याशी बोलता बोलता द्या. बाईंना इकडे पाठवा. संध्याकाळी नाही, आत्ता. भाऊंना तिथेच दाखल करा आणि दर दोन तासांनी ऑक्सिजन मोजा. खाली आला तर लगेच कळवा."

एमडी डॉक्टरांनीही मान डोलावली. थोरला भाऊ मात्र जागचा हलेना. "आन माझ्या भावाला काही झालं तर?" त्याच्या आवाजात आता राग नव्हता, नुसती भीती होती. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

काकांनी अंगातला कोट काढून खुंटीला अडकवला. कोटाशिवाय ते एकदम लहान दिसले. "मी त्याच्या खाटंजवळून हलत न्हाई. अंदाजा माझा हाय ना? मग पहारा बी माझाच."

घोंगडीतून शेतकऱ्याचा आवाज आला. दात वाजत होते, तरी शब्द स्पष्ट होते. "दादा, जाऊ दे ताईला. काकानं माझी लिंबं मोजल्यात."

मी त्या गाडीत बसून गेले. झोपूनसुद्धा नाही, बसून! नवरा शेजारी. जिंतूर मागे पडलं तरी मला काही होत नव्हतं, आणि मी स्वतःला शिव्या घालत होते, की एका तापलेल्या माणसाची गाडी हिसकावून मी चांगली धडधाकट बाई सहलीला निघाल्यासारखी निघालेय. जालन्याच्या आसपास मी नवऱ्याला म्हणाले, "जरा खिडकी उघडा, हवा कमी वाटते." खिडकी उघडीच होती.

दवाखान्यात पोचले तेव्हा छातीच्या फोटोत एका बाजूला पांढुरकं दिसायला लागलेलं होतं. तिसऱ्या दिवशी दोन्ही फुप्फुसांत. पोचल्यापासून सहा दिवस नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलायची बंदी, आणि ताप शेवटपर्यंत नाहीच. डॉक्टर रोज पलंगाशी उभे राहून म्हणायचे, "वेळेवर आलात." त्यांनी त्यापुढचं कधी बोलून दाखवलं नाही.

काकांचा फोन रोज सकाळी दहाला. नवरा वैतागायचा. "हे गृहस्थ कशी आहे म्हणून विचारतच नाहीत. नुसते आकडे मागतात." आकडे सांगितले की तिकडून शेतकऱ्याचे आकडे यायचे. काका खरोखरच त्याच्या खाटेजवळ लोखंडी स्टूल टाकून बसले होते. वॉर्डातल्या प्रत्येक रोग्याचा ताप ते नर्सला आधी ओळखायला लावत होते, आणि दुसऱ्या दिवशी नर्सांची आपसात चढाओढ सुरू झाली होती. तिसऱ्या दिवशी शेतकऱ्याचा ताप उतरला. चौथ्या दिवशी त्याने ठेचा आणि भाकरी मागितली. पाचव्या दिवशी थोरल्या भावाने स्वतः माझ्या नवऱ्याला फोन केला. "बाई कशा हायती?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

सातव्या दिवशी माझा मास्क निघाला. काकांचा फोन आला तेव्हा नवऱ्याने तो माझ्या कानाशी धरला.

"बाई, मशीन लागलं का? श्वासाचं, नळी घालायचं?"

"नाही काका."

"लागलंच न्हाई?"

"नाही."

"चुकलो!" असा आवाज आला, की नवऱ्याने दचकून फोन दूर नेला. पलंगावरून मला सगळं ऐकू येत होतं. "मी मशीन लिहिलं व्हतं! वहीत लिहिलं व्हतं! चुकलो बाई, चुकलो! औषध पयल्याच दिवशी पडलं, त्याचं वजन मी कमी धरलं! अरे, ऐका रे," ते बहुतेक जिन्यात उभे राहून खालच्या सायकलवाल्याला सांगत होते, "बाईला मशीन लागलं न्हाई! मी चुकलो!"

माणूस चुकल्याचा इतका आनंद करू शकतो, आणि तो आनंद आपल्या जिवाचा असतो, हे मला तेव्हा कळलं. मी मास्कच्या खुणा उमटलेल्या तोंडाने हसले, आणि पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला.

परभणीला परतल्यावर मी पेढे घेऊन लॅबमध्ये गेले. काकांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. मी विचारलं, "काका, एवढा हट्ट कुठून आला हो तुमच्यात? त्या दिवशी तो थोरला भाऊ तुम्हाला मारायलाही कमी करता ना."

ते सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसत राहिले. मग म्हणाले, "पिंगळीची एक पोरगी यायची. बारावीला व्हती. तिचंबी प्रत्यारोपन झालेलं. एक दिवस आली, नाक गळायलं व्हतं. लिंबं मोजली तर शंभर. मी आकडा लिहिला, सही केली, कागद दिला. ती म्हनली, काका, डॉक्टर साधी सर्दी हाय म्हणलेत, परवा पेपर हाय. मी म्हणलो, जा, चांगला लिही. पेपर राहिला, पोरगी आठ दिवसात गेली." त्यांनी काच उजेडात धरून बघितली. "मला कळलं व्हतं बाई. आकडा बघून मी दुसऱ्यांदा मोजली व्हती. पन मी म्हणलो, आपन मोजनारे. आपलं काम मोजायचं. सांगायचं काम दुसऱ्याचं." त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले. "त्याच्यापासून मी आधी लिहितो. मोठ्यानं बोलतो. लोकं हसले तरी बोलतो."

मी दंड पुढे केला. त्यांनी पट्टा बांधला.

त्यानंतर त्यांनी माझ्या घरावर धाड घातली. डॉक्टरांना विचारून माझ्यासकट नवऱ्याला, भावाला, सासूबाईंना, सगळ्यांना फ्लूची लस घ्यायला लावली. सासूबाई म्हणाल्या, मला काही होत नाही. काका म्हणाले, "तुमाला न्हाई हो आजी, तुमच्यापासून बाईला हुतंय!" सासूबाईंनी निमूट दंड उघडा केला.

स्टेरॉइड हळूहळू कमी होत बंद झालं. पुरळ गेलं. दीड वर्षाने मी पुन्हा शाळेत रुजू झाले. तोंडाला मास्क, खिडक्या सताड उघड्या, पण हातात खडू! पहिल्या दिवशी आठवीच्या वर्गात पाय ठेवताना मला माझ्या स्वतःच्या नोकरीच्या पहिल्या दिवसाइतकी धडधड झाली.

आणि गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी मी रक्त देऊन तशीच शाळेत गेले होते. तिसरा तास चालू असताना वर्गाच्या दारात पांढरा कोट उभा राहिला. हातात कागद, दम लागलेला, चष्मा वाकडा. शिपाई मागून "अहो काका, अहो काका" करत धावत आलेला.

"अठराशे!" काका दारातूनच ओरडले. "बाई, अठराशे! दोनदा मोजली!"

मुलींना काहीच कळेना. मग काकांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि उरलेला सगळा तास त्यांनीच घेतला. फळ्यावर जांभळा खडू नाही म्हणून निळ्याने लिंबं काढली, विषाणू काढला, माझं नाव घेऊन माझी सगळी हकिकत सांगितली. त्यात मास्क होता, अँब्युलन्स होती, चारठाण्याचा शेतकरी होता. चाळीस मुली श्वास रोखून ऐकत होत्या. माझ्या तासाला अशा त्या कधी बसल्या नव्हत्या.

शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, आता आमच्या बाईंना फ्लू झाला तर काय होईल?"

काका गंभीर झाले. फळ्याकडे पाठ करून त्यांनी माझ्याकडे नखशिखान्त बघितलं. बोटांवर मोजायला लागले. "स्टेरॉइड बंद. भांडण मिटलेलं. लस घेतलेली. लिंबं अठराशे."

"तीन दिवस नाक गळंल," काका म्हणाले. "चौथ्या दिवशी येऊन तुमच्या वह्या तपासतील."

"आंऽऽऽ!" सगळा वर्ग एका सुरात कण्हला.

मी लगेच टेबलावरचा वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला.